नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट: चीनमधल्या इंग्रजी श्रवण-सरावाची पार्श्वभूमी

गेल्या वीसेक वर्षांत चीनमध्ये ज्यांनी ज्यांनी बारावीनंतरची प्रवेश परीक्षा दिली, त्यांतल्या बहुतेकांना एका शर्टाची किंमत पाठ असते: नऊ पौंड पंधरा पेन्स. इंग्रजीच्या पेपरचा पहिला भाग ऐकण्याचा असतो आणि त्यात नमुना म्हणून एक प्रश्न दिलेला असतो. शर्ट केवढ्याला? पर्याय तीन: 19.15 पौंड, 9.18 पौंड आणि 9.15 पौंड. गिऱ्हाईक भाव विचारतं, विक्रेती ‘नाइन फिफ्टीन’ म्हणते. मग चिनी भाषेतला एक संथ आवाज समजावून सांगतो, की शर्टाची किंमत नऊ पौंड पंधरा पेन्स आहे, म्हणून तिसरा पर्याय निवडा आणि प्रश्नपत्रिकेवर खूण करा. वर्षानुवर्षं तोच शर्ट, तोच भाव. अनोळखी दोन तरुण भेटले आणि एकानं हे वाक्य उच्चारलं, तर दुसऱ्याला लगेच परीक्षेची दुपार आठवते.

ही परीक्षा म्हणजे गाओकाओ. 2024 मध्ये तिच्यासाठी 1 कोटी 34 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं. इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा, त्यात ऐकण्याला 30 गुण. शाळाशाळांतून रोज जो श्रवणाचा सराव चालतो, तो या 30 गुणांसाठी. गंमत अशी, की चीनमध्ये इंग्रजी शिकवायला सुरुवात होऊन दीडशे वर्षं उलटून गेली, पण परीक्षेनं विद्यार्थ्याच्या कानाची दखल घेतली ती जेमतेम पाव शतकापूर्वी. एवढा उशीर का झाला, याचं माझ्या मते मुख्य कारण एकच: इंग्रजीचा खरा आवाज मुलांपर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न सुटायलाच तेवढी वर्षं लागली.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कँटन बंदरातल्या, म्हणजे आजच्या ग्वांगझौमधल्या व्यापाऱ्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. बाजारात छोट्या पुस्तिका मिळत. त्यांत चिनी शब्द आणि त्याच्यापुढे इंग्रजी शब्दाचा उच्चार, पण तोही चिनी अक्षरांत. रोमन लिपी नाहीच. कँटनी बोलीत ‘थ्री’मधला ‘थ्र’ नाही, मग जवळपासचं जे अक्षर सापडेल ते वापरायचं. अशा इंग्रजीवर चहा-रेशमाचा मोठा व्यापार चालला. ही सवय अजूनही पुरती सुटलेली नाही. ‘थँक यू’च्या खाली ‘सान ख यौ’ अशी तीन चिनी अक्षरं लिहिण्याची युक्ती चीनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अक्षरांचा अर्थ होतो ‘तीन ग्रॅम तेल’. शब्द कानावर पडण्याआधी तो डोळ्यांना दिसतो, आणि दिसतो तोही आपल्याच भाषेच्या कपड्यांत.

सरकारी पातळीवर इंग्रजी शिकवणं सुरू झालं ते दुसऱ्या अफू युद्धातल्या पराभवानंतर. 1858 च्या तिएनजिन तहात ब्रिटिशांनी कलम घातलं, की अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मसुदा प्रमाण मानायचा. मग दुसऱ्याच्या दुभाष्यावर विसंबणं परवडणारं नव्हतं. 1862 मध्ये बीजिंगला तोंगवेन ग्वान ही भाषाशाळा निघाली, सुरुवातीला दहा विद्यार्थी घेऊन. काम होतं तह, पत्रं आणि ग्रंथ यांचं भाषांतर. आपल्याकडे ‘तर्खडकरी इंग्रजी’ म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं, त्याच जातीचं हे शिक्षण: व्याकरण पक्कं, भाषांतर चोख. ही घडण पुढे शंभर वर्षं टिकली.

1949 मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर काही वर्षं रशियनला मान मिळाला आणि इंग्रजी मागे पडलं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते परतू लागलं, तोवर सांस्कृतिक क्रांती आली. 1966 पासून गाओकाओच बंद. त्या काळातली एक घटना चटका लावणारी आहे. 1973 मध्ये हेनान प्रांतातल्या एका खेड्यातल्या शाळकरी मुलीनं इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर लिहिलं, की मी चिनी आहे, परकी भाषा कशाला शिकू? शाळेत तिची जाहीर खरडपट्टी काढली गेली, आणि तिनं जीव दिला. पुढे राजकारणानं त्या मृत्यूचा वापर करून शिक्षकांना धारेवर धरलं. इंग्रजी शिकवणंही धोक्याचं आणि न शिकवणंही, अशा कात्रीत शिक्षक सापडले होते.

ऐकणं तर त्याहून धोक्याचं. परदेशी नभोवाणी लावणं म्हणजे ‘शत्रूचं केंद्र चोरून ऐकणं’, आणि तो गुन्हा होता. नेमक्या त्याच काळात व्हॉइस ऑफ अमेरिकेचं संथ लयीतलं, मोजक्या शब्दांतलं इंग्रजी लघुलहरींवरून चीनवर बरसत होतं. शिकणाऱ्यांसाठीचा हा कार्यक्रम 1959 मध्ये सुरू झाला होता. ज्यांनी रजई पांघरून, आवाज अगदी बारीक ठेवून तो ऐकला, ती माणसं पुढे इंग्रजीचे शिक्षक झाली. माझ्या लेखी चीनमधल्या श्रवण-सरावाचे खरे पूर्वज तेच. समोर प्रश्न नाहीत, पर्याय नाहीत, खरखरीतून अर्थ वेचायचा.

1977 च्या हिवाळ्यात गाओकाओ पुन्हा सुरू झाली. सुमारे 57 लाख उमेदवार बसले, जागा मिळाली पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांना. इंग्रजीचे गुण लगेच पूर्ण धरले जात नव्हते. दरवर्षी थोडे थोडे वाढवत 1983 मध्ये ते शंभर टक्के मोजले जाऊ लागले. मधल्या काळात देशाचं दार उघडलं होतं. जानेवारी 1982 मध्ये चीनच्या सरकारी दूरदर्शनवर बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका सुरू झाली आणि तिची निवेदिका कॅथी फ्लॉवर चीनमधला सर्वपरिचित चेहरा बनली. कित्येकांनी अस्सल इंग्रजी बोलणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं आणि ऐकलं ते तिथे. बागांमधून ‘इंग्रजी कोपरे’ भरू लागले. लोक उभे राहून, अनोळखी माणसाशी, मोडकंतोडकं का होईना पण इंग्रजीत बोलत.

वर्गात मात्र फळा, खडू आणि बाईंचा स्वतःचा उच्चार एवढंच होतं. परीक्षेचा कागदही तसाच. 1985 मध्ये ग्वांगडाँग प्रांतात वस्तुनिष्ठ पद्धतीच्या नव्या परीक्षेचा प्रयोग झाला. त्यामागे ग्वांगझौमधले भाषाशास्त्रज्ञ ग्वेई शिचुन होते. ही पद्धत हळूहळू देशभर पसरली आणि लाखो उत्तरपत्रिका यंत्रानं तपासता येऊ लागल्या, पण प्रश्न डोळ्यांसाठीच राहिले. लाखो मुलांना एकाच क्षणी, सारख्याच स्पष्टपणे एखादी फीत ऐकवायची, तर प्रत्येक परीक्षा केंद्रात चांगला ध्वनिक्षेपक हवा. तो नव्हता.

नव्वदच्या दशकात घराघरांत कॅसेट आली. ब्रिटिश प्रकाशक लाँगमन आणि चीनच्या सरकारी पाठ्यपुस्तक प्रकाशनानं मिळून केलेल्या पुस्तकांतले ली लेई आणि हान मेइमेई हे मुलगा-मुलगी आठवले, की त्या पिढीला आजही भरून येतं. त्या पुस्तकांसोबत फिती असत. मग आलं ‘फुदूजी’, म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकवणारं यंत्र. दिसायला वॉकमनसारखं, पण बटण दाबलं की शेवटचे काही सेकंद परत वाजत, हवा तर वेग कमी करता येई, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहता येई. फीत मागे नेताना होणारी चुकामूक संपली. एकच वाक्य दहा वेळा, वीस वेळा. ही यंत्रं बनवणाऱ्यांत डोंगग्वानची बीबीके ही कंपनी आघाडीवर होती. आपल्याकडे घरोघरी पोचलेले ओप्पो आणि विवो हे फोन याच घराण्यातले.

तरीही तक्रार वाढत होती. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकलेल्या, व्याकरणात पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या मुलांना बोलता येत नाही, याला लोक ‘मुकं इंग्रजी’ म्हणत, आणि समोरच्याचं बोलणं कळत नाही, याला ‘बहिरं इंग्रजी’. 1996 मध्ये उपपंतप्रधान ली लानचिंग यांनी जाहीरपणे सुनावलं, की इंग्रजीवर वेळ फार जातो आणि पदरात थोडं पडतं. शतक उलटण्याच्या सुमारास आधी मोजक्या प्रांतांत आणि मग बहुतेक ठिकाणी गाओकाओत श्रवणाचा भाग आला. 2001 मध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचं धोरण ठरलं. महाराष्ट्रानं ते 2000 सालीच पहिलीपासून सुरू केलं होतं.

या भागाची रचना फारशी बदललेली नाही. आधी पाच छोटे संवाद, प्रत्येक एकदाच ऐकवतात. मग पाच मोठे संवाद किंवा निवेदनं, दोनदा. एकूण 20 प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, सारं मिळून वीसेक मिनिटं. छोट्या संवादानंतर दहा सेकंद मिळतात, त्यात उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्नही वाचायचा. या दहा सेकंदांनीच सरावाला आकार दिला. आवाज सुरू होण्याआधी पर्यायांवरून नजर फिरवायची, फरक दाखवणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढायची, आकडा कानावर पडला की टिपून ठेवायचा, ‘बट’ ऐकू आलं की कान टवकारायचे. शिक्षक हे पोटतिडकीनं शिकवतात आणि गुण वाढतात. पण अशानं मूल उत्तर हेरायला शिकतं आणि माणूस काय म्हणतोय ते निसटून जातं, असं मला वाटतं.

खरी अडचण ध्वनींची आहे. मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषेतला प्रत्येक शब्दावयव (सिलॅबल) सुटा, आणि त्याचा शेवट स्वरानं, ‘न’नं किंवा ‘ङ’सारख्या ध्वनीनं. एखाद्या ‘र’चा अपवाद सोडला तर शेवटी दुसरं व्यंजन नाही. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या टोकाचे ट, क, प, द त्या कानांना ऐकूच येत नाहीत. इंग्रज ‘नॉट ॲट ऑल’ म्हणतो तेव्हा बाहेर पडतं ‘नॉटॅटॉल’. तीन शब्दांची वाट पाहणारा विद्यार्थी पहिल्यातच अडकतो आणि पुढचं वाक्य निघून जातं. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक तर बऱ्याचदा आघातावरच तोललेला असतो. म्हणून चांगले शिक्षक प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून श्रुतलेखन घेतात: एक वाक्य, कानावर पडेल तसं अक्षरन् अक्षर लिहायचं, मग फळ्यावरच्या मूळ वाक्याशी ताडायचं. गळलेला शब्द नेमका कुठे गळला ते मुलाला स्वतःच दिसतं. वेळखाऊ आहे खरं, पण ऐकणं याच वाटेनं सुधारतं.

समतेचा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून होता. शहरातल्या शाळेत फळ्याच्या वर ध्वनिक्षेपक, रोज ठरलेल्या वेळी फीत. डोंगराळ भागातल्या शाळेत बाईंच्या हातातलं एकच यंत्र, आणि मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही. म्हणून काही प्रांतांनी परीक्षेत श्रवण घेतलं, तरी प्रवेशासाठी त्याचे गुण धरले नाहीत. उरलेल्या 120 गुणांना 1.25 ने गुणून 150 केले. निर्णय अन्यायाच्या भीतीपोटी झाला, पण परिणाम असा, की जिथे सरावाची सर्वात जास्त गरज तिथेच शाळांनी तो सोडून दिला. ऐकू न येणाऱ्या मुलांना मात्र श्रवणातून सूट मिळते. अपंग उमेदवारांसाठीच्या 2015 च्या नियमावलीत ती नोंदलेली आहे, आणि ते अगदी योग्य झालं.

परीक्षेच्या दिवशी केंद्रांजवळ हॉर्न वाजवायला बंदी असते, बांधकामं थांबवतात, आणि इंग्रजीच्या पेपरला सुरुवातीच्या 15 मिनिटं आधीच दारं बंद होतात. वीस मिनिटांच्या एका फितीवर वर्षभराची तयारी पणाला लागू नये, म्हणून बीजिंगनं डिसेंबर 2017 पासून श्रवण परीक्षा वर्षातून दोनदा घ्यायला सुरुवात केली. 2021 पासून तिथे ती संगणकावर होते आणि तिला बोलण्याची जोड मिळाली आहे: श्रवण 30, बोलणं 20. ग्वांगडाँगनं ही वाट 2011 मध्येच धरली होती. तिथे विद्यार्थी चित्रफितीतल्या आवाजाची नक्कल करतो, मग संवादात एक भूमिका घेऊन प्रश्न विचारतो आणि उत्तरं देतो, आणि शेवटी ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो. पर्याय नाहीत, अंदाजाला वाव नाही. संगणक कक्षात सगळे एकाच वेळी बोलू लागतात आणि हेडफोनमधूनही शेजाऱ्याचा आवाज आत येतो. त्यामुळे आता मुलं एकमेकांना लागून बसतात, मुद्दाम मोठ्यानं बोलतात, आणि त्या कलकलाटात आपल्या कानातली गोष्ट धरून ठेवण्याचा सराव करतात.