कार्ट्रिजची सुई बदलताना: पर्यायांमागचा इतिहास

रेकॉर्ड प्लेयरचे कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा छोटा भाग, दुरुस्त करताना केवळ सुई बदलून भागेल की संपूर्ण कार्ट्रिजच बदलावे लागेल, हे आज दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात फारसे नसते. त्याचा निकाल बव्हंशी १९५०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या रचनांनी लावून ठेवला आहे.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात पोलादी सुई एक बाजू वाजली की टाकून द्यायची, अशी रीत होती. तबकडीच्या मिश्रणातली कठीण भुकटी सुईचे टोक घासून त्याला खाचेचा आकार देत असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने बारीक खाचेची, ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली, तेव्हा टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉनवरून २५ मायक्रॉनवर आली, आणि सुई टाकाऊ न राहता नीलम किंवा हिऱ्याचे टोक असलेला टिकाऊ भाग बनली. पुढे स्टिरिओ आल्यावर खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी कोरले गेले, त्यामुळे सुईला आडवे तसेच उभेही हलता येणे आवश्यक झाले.

येथेच वाट दुभंगली. १९५८ मध्ये शुअर कंपनीने स्टिरिओसाठी आणलेल्या मूव्हिंग मॅग्नेट रचनेत चुंबक कॅन्टिलिव्हरच्या (जिच्या पुढच्या टोकाला सुईचे टोक असते त्या बारीक दांडीच्या) मागच्या टोकाला आणि वेटोळी कार्ट्रिजच्या अंगात असतात, त्यामुळे सुईचा संच ओढून काढता येतो व दुसरा बसवता येतो. मूव्हिंग कॉइल रचनेत याच्या उलट वेटोळीच कॅन्टिलिव्हरवर असतात, आणि त्यांच्या केसासारख्या तारा आतल्या जोडांना जखडलेल्या असतात. ऑर्टोफॉनचे एसपीयू किंवा डेनॉनचे डीएल-१०३ यांची सुई म्हणूनच घरी बदलता येत नाही. कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते किंवा कार्ट्रिज बदलावे लागते. सिरॅमिक कार्ट्रिजची (ज्यात चुंबकाऐवजी दाबाने वीज निर्माण करणारा पदार्थ असतो) सुई बहुधा सहज निघते, परंतु त्याच्या जागी चुंबकीय कार्ट्रिज लावायचे तर फोनो प्रीअॅम्प्लिफायर (क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) हवा, कारण चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम काही मिलिव्होल्ट देते.

सुई निघते ही सोय खरी, पण तिच्यातच एक मेख आहे, आणि ती ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते याचे मला वाईट वाटते. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये सुईबरोबर चुंबक, कॅन्टिलिव्हर आणि त्याला तोलून धरणारे रबर असे सारेच बदलते. दुसऱ्या उत्पादकाची सुई खोबणीत चपखल बसली तरी चुंबकाची ताकद वेगळी असली की आवाजाची पातळी बदलते, कॅन्टिलिव्हर जड असला की वरच्या पट्टीतले स्वर बिघडतात, आणि रबर कडक किंवा मऊ असले की टोनआर्मशी, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याशी, जुळलेले गणित चुकते. टोकाचा आकारही पाहावाच लागतो: १९७०च्या दशकात चार-चॅनेल तबकड्यांवरील ३० किलोहर्ट्‌झची वाहक लहर (जादा चॅनेलांचा ध्वनी वाहून नेणारी उच्च वारंवारतेची लहर) वाचण्यासाठी शिबाता टोक घडवले गेले, आणि त्याची उंच, अरुंद स्पर्शरेषा साध्या गोल टोकापेक्षा कार्ट्रिज बसवण्यातल्या अचूकतेची कितीतरी जास्त अपेक्षा ठेवते.

शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज आणि सुया बनवणे थांबवल्यापासून हा प्रश्न तीव्र झाला. तिच्या जुन्या कार्ट्रिजांसाठी जपानची जिको कंपनी सुया बनवते. दुसरीकडे, वर्षानुवर्षे डबीत पडून राहिलेल्या मूळ सुयांनाही मोठी मागणी असते. अशा सुईचा हिरा तसाच राहतो, पण सुई वापरली नसली तरी तिचे रबर कडक होऊ शकते, म्हणून तिच्यापेक्षा आज काळजीपूर्वक बनवलेली पर्यायी सुई मी अधिक भरवशाची मानतो.