अकरा महिन्यांच्या करारामागचा इतिहास

मुंबईत किंवा पुण्यात फ्लॅट भाड्याने द्यायचा झाला, की एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही पक्षांचे व साक्षीदारांचे ठसे आणि छायाचित्रे घेतो आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीसाठी ऑनलाइन दाखल करतो. या करारात 'भाडे' आणि 'भाडेकरू' हे शब्द बहुधा कटाक्षाने टाळलेले असतात. त्यांच्या जागी 'लायसन्स फी' आणि 'लायसन्सी' येतात, मुदत अकरा महिन्यांची असते, आणि जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील असे एक कलम हमखास आढळते. एरवी घरमालक आणि भाडेकरू म्हणूनच वावरणारी ही माणसे कागदावर या शब्दांना एवढी का बिचकतात, याचे उत्तर मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्यांत आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि 1918 मध्ये भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा आला. तो तात्पुरता होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच पाळी आली आणि त्यातून पुढे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाणित भाडे' धरले, आणि कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला घराबाहेर काढण्यास मनाई केली. हा कायदाही मुदतीचाच होता. पण मुदत संपत आली की ती वाढवली जाई, आणि असे करता करता त्याने पन्नास वर्षे काढली.

भाडे गोठले, तशी जागेची खरी किंमत दुसऱ्या वाटेने वसूल होऊ लागली. ती वाट म्हणजे पागडी. भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर करून देताना हातात ठेवली जाणारी ही रक्कम कायद्याने गुन्हा होती, तरी चाळींमध्ये ती उघड गुपित होती. पोटभाडेकरू ठेवण्यासही बंदी होती, मात्र प्रत्यक्षात इतके पोटभाडेकरू राहत होते की 1959 मध्ये सरकारला त्या वर्षीच्या 21 मेपर्यंतच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावे लागले.

मालकांनी शोधलेली दुसरी पळवाट म्हणजे लायसन्स. भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली येतो आणि त्याने भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्स ही 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातली नुसती परवानगी असते. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात स्पष्ट केले होते की कागदावरच्या नावापेक्षा पक्षांचा खरा हेतू महत्त्वाचा. तरीही लायसन्सचे कागद होतच राहिले. अखेर 1973 च्या दुरुस्तीने कलम 15अ घातले आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर किमान एक खोली वापरत असलेल्या व्यक्तीला थेट भाडेकरूचा दर्जा दिला. चार-सहा महिन्यांसाठी जागा दिलेल्या मालकाला त्या तारखेनंतर पुढच्या पिढीतही ताबा मिळेल याची खात्री उरली नाही. माझ्या मते आजच्या मालकाच्या मनातली धास्ती 1947 पेक्षा या तारखेची आहे. घर रिकामे ठेवू, पण भाड्याने देणार नाही, असे म्हणणारे मालक त्यानंतर मुंबईत जागोजागी दिसू लागले.

प्रमाणित भाड्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर 1997 मध्ये न्यायालयाने म्हटले, की भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी ठरल्या आहेत. मात्र कायद्याची मुदत 31 मार्च 1998 रोजी संपणार होती आणि नवा कायदा विचाराधीन होता, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. मुदत आणखी वाढली, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. मुंबई राज्य, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद अशा तीन भागांतल्या वेगवेगळ्या व्यवस्था त्यात एकत्र आल्या, दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली, बँका आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून वगळल्या गेल्या, आणि इतकी वर्षे गुन्हा असलेली पागडी कलम 56 ने कायदेशीर झाली.

गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याच्या दृष्टीने कलम 24 आणि 55 अधिक कामाची. कलम 24 नुसार, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपूनही लायसन्सी जागा सोडत नसेल, तर मालक ताबा मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. लायसन्सीला बाजू मांडायची तर आधी परवानगी मागावी लागते, तीही समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत. कलम 55 मात्र मालकालाच बांधते: करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो तसा करण्याची जबाबदारी मालकाची, आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे.

यामुळे अकरा महिन्यांचे मूळ कारण महाराष्ट्रात उरलेलेच नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळण्यासाठी एक महिना कमी धरण्याची रीत पडली. आता मुदत कितीही असली तरी नोंदणी चुकत नाही. आकडा छापील मसुद्यात राहून गेला आहे. तो खोडून चोवीस किंवा छत्तीस लिहिता येतो, आणि साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्काचा दर तोच, 0.25 टक्के, राहतो.