जपानच्या गावांतून एकट्यानं : निघण्याआधी हे वाचाच

बुकिंग पक्कं झालं की हे माहितीपत्रक आम्ही तिकिटांच्या पाकिटात घालतो. विमानात वाचू म्हणून ठेवून देऊ नका, घरीच वाचा.

एक गोष्ट आधीच सांगते. आमच्या सहलीत झेंडा धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर नसतो आणि रात्री पुरणपोळीही मिळत नाही. मुक्काम आणि मार्ग आम्ही ठरवून देतो, प्रवास तुमचा तुम्ही करायचा. तोक्यो-ओसाकात गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. गावाकडे दिवसभरात चार-पाच बस असतात आणि शेवटची बऱ्याचदा चहाच्या वेळेलाच निघून जाते. म्हणून दिवसाचा हिशोब सकाळपासून नको, शेवटच्या बसपासून मागे मोजत या.

वेळापत्रक कसं वाचायचं

थांब्यावरच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात. एक कामाच्या दिवसांचा, दुसरा शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचा. हे मी स्वतः चुकले आहे. ‘की’ नावाच्या द्वीपकल्पातल्या एका थांब्यावर पाऊण तास निवांत उभी होते. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती आणि मी वाचत होते तो रकाना कामाच्या दिवसांचा. शेवटी भुरभुर पावसात सहा किलोमीटर चालले. मुक्कामाच्या घरच्या आजी टॉर्च घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, पण तो टॉर्च मला अजून आठवतो. निघण्याआधी जपानमधल्या सुट्ट्यांची यादी बघून ठेवा.

बसमध्ये चढल्यावर

गावाकडच्या बहुतेक बसमध्ये मागच्या दारानं चढायचं. दारापाशी छोटं यंत्र असतं, त्यातून आकडा छापलेली चिठ्ठी बाहेर आलेली दिसेल. तिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. ती घ्या आणि जपून ठेवा. ड्रायव्हरच्या डोक्यावर फलक असतो. त्यावर तुमच्या चिठ्ठीचा आकडा शोधा, त्याखाली भाडं दिसतं आणि थांब्यागणिक ते वाढत जातं. उतरायचा थांबा जवळ आला की बटण दाबा. बस पूर्ण थांबल्यावरच उठा. आपल्यासारखं दाराशी जाऊन लोंबकळलात तर ड्रायव्हर काळजीत पडतो. चिठ्ठी आणि पैसे एकत्रच त्याच्या शेजारच्या डब्यात टाकायचे आणि पुढच्या दारानं उतरायचं.

हा डबा सहसा सुटे परत देत नाही. शेजारी नाणी मोडून देणारं यंत्र असतं, पण ते साधारणपणे हजार येनची नोटच घेतं. दहा हजारांची नोट पुढे केलीत तर मागे उभ्या आज्यांची रांग थांबते. शिवाय जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, त्या काही जुनी यंत्रं घेत नाहीत. तेव्हा सकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्या आणि खिसा नाण्यांनी जड करा. आपल्या बँकांची कार्डं ‘सेव्हन-इलेव्हन’च्या एटीएममध्ये बहुधा चालतात. शहरात जे स्पर्शकार्ड वापरलंत, ते डोंगरातल्या कितीतरी बस आणि गाड्यांत निरुपयोगी ठरतं.

गावाकडच्या एक-दोन डब्यांच्या गाडीचंही असंच. तिला ‘वानमान’ म्हणतात, म्हणजे गाडीत एकटा मोटरमन. गार्ड नाही, टीसी नाही. स्टेशनवर कर्मचारी नसेल तर पहिल्या डब्याच्या पुढच्या दारानंच उतरायचं आणि पैसे मोटरमनसमोरच्या डब्यात टाकायचे. दार आपोआप उघडेलच असं नाही, शेजारचं बटण दाबा.

‘रेल पास घेऊ का?’ असं प्रत्येक जण विचारतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या पासाची किंमत 29,650 येनवरून 50,000 येन झाली. एकाच भागात हळूहळू फिरणार असाल तर तो वसूल होत नाही. आम्ही सहसा नकोच म्हणतो.

कुठून सुरुवात करावी

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आम्ही मागोमे ते त्सुमागो ही वाट सुचवतो. जुन्या नाकासेन्दो महामार्गाचा हा साधारण आठ किलोमीटरचा तुकडा आहे. नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत गाडी, तिथून मागोमेला बस. वाटेत जागोजागी पितळी घंटा टांगलेल्या आहेत. त्या देवळातल्या नव्हेत, अस्वलांना चाहूल देण्यासाठी आहेत. लाजू नका, जोरात वाजवा.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांच्यासाठी कुमानो कोदो ही यात्रेकरूंची जुनी वाट. शिन-ओसाकाहून ‘कुरोशिओ’ एक्स्प्रेसनं सुमारे सव्वादोन तासांत की-तानाबे, तिथून बसनं ताकिजिरी. तिथून होंगूच्या देवस्थानापर्यंत 38 किलोमीटरच्या आसपास डोंगरवाट आहे. दर 500 मीटरवर क्रमांक लिहिलेला खांब लागतो, त्यामुळे वाट चुकण्याची भीती कमी. पहिल्या दिवशी चिकात्सुयुपर्यंतचे 13 किलोमीटर कागदावर थोडे वाटतात, पण ताकिजिरीची सुरुवातीची चढण घाम काढते. दुसऱ्या दिवसाचे 25 किलोमीटर जड वाटले तर मधला भाग बसनं गाळा आणि होस्शिनमोनपासून शेवटचे सात किलोमीटर चाला. त्यात कमीपणा काही नाही. पूर्वी इथे इतके यात्रेकरू यायचे की त्यांना मुंग्यांच्या रांगेची उपमा देत. दिवेघाटातली वारी पाहिलेल्याला ती लगेच पटेल. स्त्रियांनाही ही यात्रा पूर्वीपासून खुली होती.

पुणेकरांसाठी आणखी एक. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीतून झालं, तिथूनच ‘नानपू’ एक्स्प्रेस 1988 च्या सेतो पुलावरून समुद्र ओलांडते आणि शिकोकू बेटावरच्या ओबोके स्टेशनला सोडते. तिथून बसनं इया खोऱ्यात जाऊन वेलींचा झुलता पूल पाहता येतो. पायाखाली फळ्यांमधल्या फटींतून नदी दिसते. उंचीची भीती असेल तर काठावरूनच बघा.

सामान आणि जेवण

मोठी बॅग घेऊन डोंगरात जाऊ नका. हॉटेलच्या काउंटरवर ‘ताक्युबिन’ म्हणा. बॅग पुढच्या मुक्कामी सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते, आडगावी एखादा दिवस जास्त लागतो. पाठीवर पाच-सहा किलो पुरेत. सर्दीच्या गोळ्या तपासून घ्या. स्यूडोइफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेल्या गोळ्यांवर तिथे बंदी आहे.

शाकाहारींनी ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. सूप, नूडल्सचा रस, उकडलेली भाजी, सगळ्यात सुकवलेल्या माशाचं ‘दाशी’ असू शकतं. बुकिंग करतानाच आम्हाला स्पष्ट सांगा, आम्ही घरमालकांना जपानीत लिहून कळवतो. ताटावर बसल्यावर सांगितलंत तर ते बिचारे काहीच करू शकत नाहीत. सोबत मेतकुटाची पुडी ठेवा. तिथला गरम भात इतका चांगला असतो की त्यावर आणखी काही लागत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांतला मुक्काम उत्तम.

घरगुती मुक्कामात रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला असतं, म्हणून पाचपर्यंत पोहोचा. उशीर होणार असेल तर आधी घरमालकांना फोन, मग आम्हाला. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे इथले दुपारचे दीड. आमचं ऑफिस पुण्यात असलं तरी त्या वेळी उघडं असतं.