वर्कआउट की शिक्षा? अमेरिकन कॉलेज खेळाडूंच्या ट्रेनिंगची पार्श्वभूमी

जानेवारी २०११, आयोवा युनिव्हर्सिटी. अमेरिकन फुटबॉल टीमची पोरं सुट्टीवरून नुकतीच परत आलेली आणि आल्या आल्या खांद्यावर बार घेऊन १०० स्क्वॉट्स (उठाबशा), वजन प्रत्येकाला एका वेळी जास्तीत जास्त जेवढं पेलतं त्याच्या निम्मं, वर किती वेळात संपवतो याचं घड्याळ लावलेलं. पुढच्या काही दिवसांत मांड्या दुखून सुजल्या, लघवी कोलासारखी काळपट व्हायला लागली आणि १३ जण हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाले.

याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, बोलताना नुसतं रॅब्डो. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन आणि पोटॅशियम रक्तात उतरतं, एक किडनीला मारतं आणि दुसरं हृदयाचे ठोके बिघडवतं. १९४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या लोकांच्या किडन्या अशाच बंद पडताना डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. म्हणजे पडलेल्या इमारतीखाली सापडलेल्या माणसाला जे होतं तेच धडधाकट पोराला जिममध्ये झालं!

आता हे असं दामटवण्याचं वेड काही नवीन नाही. १९५४ ला टेक्सास ए अँड एमचा कोच बेअर ब्रायंट टीमला जंक्शन नावाच्या गावात घेऊन गेला, दुष्काळ, भयंकर ऊन, प्रॅक्टिसमध्ये पाणी नाही, अर्ध्याहून जास्त पोरं कॅम्प सोडून गेली आणि जे टिकले त्यांच्या पुढे दंतकथा झाल्या. मला वाटतं खरं नुकसान तिथंच झालं, कारण पाणी मागणं म्हणजे कच्चेपणा हे पुढच्या कितीतरी कोचेसच्या डोक्यात पक्कं बसलं.

नियम मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी गेल्यावरच आले. १९९७ च्या शेवटी महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता गेले, मग एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) रबर सूट आणि सॉना बंद केले. २००३ पासून ऑगस्टच्या फुटबॉल प्रॅक्टिसमध्ये पहिले पाच दिवस उन्हाची सवय करण्यासाठी ठेवले गेले. २००६ मध्ये राइस युनिव्हर्सिटीचा १९ वर्षांचा खेळाडू १०० यार्डांचे १६ स्प्रिंट मारताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला, त्याला सिकल सेल ट्रेट होता, म्हणजे सिकल सेल आजाराचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं, एरवी काहीच त्रास नसतो पण न थांबता पळवलं की रक्तपेशी वाकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. त्याच्या घरच्यांनी केस केली, सेटलमेंट झाली, आणि २०१० पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, ही टेस्ट आली. तीसुद्धा तेव्हा लेखी नकार देऊन टाळता यायची.

२०१८, मेरीलँड युनिव्हर्सिटी, परत फुटबॉल टीम. मे महिन्यात ११० यार्डांचे स्प्रिंट, आणि हीट स्ट्रोक झालेल्या पोराला बर्फाच्या पाण्यात बुडवलंच नाही. आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या, एवढं साधं आहे ते, पहिल्या अर्ध्या तासात केलं तर जवळजवळ सगळे वाचतात. तो दोन आठवड्यांनी गेला. मला याचा राग येतो तो यासाठी की हे सगळं आधीपासून माहीत होतं.

पुढच्या वर्षी एनसीएएने लिहून दिलं की वर्कआउट शिक्षा म्हणून देऊ नका आणि सुट्टीनंतर लोड हळूहळू वाढवा. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने बॉल खेळायचा खेळ) टीमने नेव्ही सीलचं, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या कमांडोंचं, ट्रेनिंग करून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याबरोबर पाऊण तासाचा वर्कआउट केला, आणि १२ जणांना रॅब्डो निघाला.