एच-४ वर कम्युनिटी कॉलेजात जनरल स्टडीज: फॉर्म सोपाय, रेसिडेन्सी सांभाळा

लग्न ठरलं आणि एस.वाय.लाच शिक्षण सुटलं, आता कॅलिफोर्नियात एच-४ वर (एच-१बी वर्क व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, डिग्री पूर्ण करता येईल का, असं बऱ्याच जणी विचारतात. येतं की. त्यासाठी वेगळा एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसा नको, फुलटाइम पार्टटाइम दोन्ही चालतं. बारावी झालेली असली किंवा वय १८ पूर्ण असलं की कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांच्या डिग्रीचं सरकारी कॉलेज) दारातून परत पाठवत नाही, ना एन्ट्रन्स ना कटऑफ.

जनरल स्टडीज म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री, ६० सेमिस्टर युनिट्स (युनिट म्हणजे क्रेडिट). काही कॉलेजं तिला लिबरल आर्ट्स म्हणतात, आणि डी अँझासारखं क्वार्टरवालं (सेमिस्टरऐवजी छोट्या टर्म्सचं) कॉलेज असेल तर युनिट्स ९०. पुढे कॅल स्टेटला (चार वर्षांच्या डिग्रीची सरकारी युनिव्हर्सिटी) जायचं असेल तर मात्र काउन्सेलरला आधीच विचारा, कारण ट्रान्सफरची हमी 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर'ला असते, साध्या जनरल स्टडीजला नाही.

अर्ज सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या वेबसाइटवर, फुकट. आधी तिथलं लॉगिन, म्हणजे ओपनसीसीसी अकाउंट, उघडायचं. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर 'नाही' वर टिक करा, अडत नाही. इमिग्रेशन स्टेटस विचारतात तिथे व्हिसाचा प्रकार नीट भरा, घाईत काहीतरी टिक केलं की पुढे ऑफिसात खेटे. काही दिवसांत स्टुडंट आयडीचा ईमेल येतो, स्पॅममध्येही बघा.

आता खरी गोम, रेसिडेन्सी. राज्याचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे अख्खी डिग्री २,७६० डॉलर आणि वर किरकोळ फिया. नाही ठरलात तर त्या ४६ वर युनिटमागे आणखी काहीशे डॉलर, मग विषयच संपला. एच-४ वाल्यांना रेसिडेन्सी मिळू शकते, पण टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा. क्लास २४ ऑगस्टला सुरू असेल तर हिशोब २३ ऑगस्टचा. आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

कागद म्हणजे पासपोर्ट, एच-४ चं आय-७९७ (मंजुरीचं पत्र), आय-९४ (देशात आल्याची नोंद), ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, राज्याचा टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, घराचं लीज. माझं इथेच अडलं, लीज आणि वीजबिल सगळं नवऱ्याच्या नावावर, माझ्या नावाचं म्हणून काय तर लायब्ररी कार्ड! एक टर्म थांबावं लागलं. आल्या आल्या जॉइंट अकाउंट उघडा आणि लीजवर स्वतःचं नाव घालून घ्या, बाकी सगळं नंतर.

भारतातले एफ.वाय., एस.वाय.चे मार्क वाया जातातच असं नाही. परदेशी मार्कशीट तपासणाऱ्या वेससारख्या (WES) एजन्सीकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन, म्हणजे एकेका विषयाचं मूल्यमापन, करून घ्यायचं, ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीनेच पाठवलेलं लागतं, हातातली झेरॉक्स चालत नाही. मार्कशीटवर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं, आणि पासपोर्टवर सगळंच सासरचं, त्यामुळे मॅरेज सर्टिफिकेट सोबत जोडा, नाहीतर फाइल पडून राहते. किती युनिट्स मानायचे ते कॉलेज ठरवतं, इंग्लिश कॉम्पोझिशन बहुतेक वेळा इथेच करावं लागतं, आणि काही झालं तरी किमान १२ सेमिस्टर युनिट्स त्याच कॉलेजात करायचे असतात.

फाफ्साची (अमेरिकन सरकारच्या मदतीचा अर्ज) आर्थिक मदत एच-४ ला नाही, त्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन लवकर उरका, रजिस्ट्रेशनची तारीख आधीची मिळते, नाहीतर संध्याकाळचे क्लास भरलेले आणि आपण वेटलिस्टवर. 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' लिहिलेले क्लास घेतले की पुस्तकांचा खर्च वाचतो. फी मुदतीत भरा, नाहीतर क्लासमधून नाव काढतात.

आणि मधेच एच-४ चं एक्स्टेन्शन झालं तर नवीन आय-७९७ ची कॉपी अ‍ॅडमिशन्स ऑफिसला स्वतःहून पाठवून द्या.