तारेवरून काय जातं?

धंद्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की दोन प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारले जातात. नेटवर्क कसं टाकायचं हे केबल ओढणाऱ्याला, आणि डेटाबेस कोणता घ्यायचा हे सॉफ्टवेअर विकणाऱ्याला. खरं तर हा एकच प्रश्न आहे. हवी ती नोंद शोधायचं काम कुठल्या मशीनने करायचं आणि त्यासाठी तारेवरून काय न्यायचं-आणायचं? गेल्या पन्नासेक वर्षांत याचं उत्तर दोन-तीनदा तरी फिरलं आहे.

मेनफ्रेमच्या काळात हा प्रश्न नव्हताच. डेटा आणि प्रोग्राम एकाच यंत्रात असत, आणि टेबलावरचं टर्मिनल फक्त अक्षरं पाठवी आणि दाखवी. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने १९६०च्या दशकात आयएमएस हा डेटाबेस उभारला. त्यातली माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली होती, त्यामुळे कुठल्या फांदीवरून कुठे उतरायचं हे प्रोग्रामरला पाठ लागे. आयबीएममधल्याच एडगर कॉड यांनी १९७० साली वेगळी मांडणी केली: माहिती तक्त्यांत ठेवा, काय हवं तेवढं सांगा, कसं शोधायचं ते यंत्राला ठरवू द्या. त्यातून पुढे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आली आणि १९७९ मध्ये ओरॅकल हा डेटाबेस बाजारात उतरला. कॉड यांच्या कल्पनेचं कौतुक सहसा गणिताच्या अंगाने होतं. मला तिची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ‘काय हवं’ हे एका ओळीत सांगता येत असेल, तर ती ओळ तारेवरून पाठवता येते.

तार तयार होतच होती. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी १९७३ पासून इथरनेट, म्हणजे जवळजवळची मशीन तारेने जोडायची पद्धत, घडवलं. पण १९८१ साली आयबीएम पीसी आला आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. छोट्या धंद्यांनी पीसी घेतले, त्यावर डीबेस नावाचं डेटाबेस सॉफ्टवेअर घेतलं, आणि मशीन एकाची चार झाली तेव्हा नॉव्हेल नेटवेअरसारख्या सॉफ्टवेअरवर चालणारा फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली सांभाळणारं मशीन, मध्ये बसवला. या सर्व्हरला डेटाबेस म्हणजे काय ते ठाऊक नसे. फाइल मागा, तो तिचे तुकडे देणार. शोधाशोध ज्याची त्याने आपल्या टेबलावर करायची.

हिशेब करून पाहा. एक लाख नोंदी, प्रत्येकी २०० बाइट, म्हणजे दोन कोटी बाइट किंवा १६ कोटी बिट. तार सेकंदाला एक कोटी बिट नेणारी, म्हणजे १० एमबीपीएस. इंडेक्स, म्हणजे कुठली नोंद कुठे आहे याची सूची, कामी आला तर मोजकेच तुकडे आणून भागे. पण नावाच्या मधला शब्द शोधायचा असला किंवा वर्षअखेरचा रिपोर्ट काढायचा असला तर अख्खी फाइल तारेवरून ओढली जाई. तार पूर्ण मोकळी मिळाली तरी १६ सेकंद, आणि ती मोकळी कधीच नसे, कारण शेजारचाही तेच करत असे. त्यातच लिहिता लिहिता कुणाचं मशीन बंद पडलं की इंडेक्स बिघडे. मग ‘सगळ्यांनी बाहेर पडा’ अशी हाळी द्यायची, शेवटचा माणूस बाहेर पडला की रीइंडेक्स लावायचं आणि तोवर सगळ्यांनी हात बांधून बसायचं.

दोष नेहमी सॉफ्टवेअरचाच असे असं नाही. पातळ कोॲक्स केबल एका मशीनकडून दुसरीकडे अशी साखळीत जाई. तिची मर्यादा १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारा छोटा तुकडा. टेबल सरकवताना ते निघालं तर त्या एकाचंच नाही, साखळीतल्या सगळ्यांचं नेटवर्क झोपे. १९९० साली टेन-बेस-टी ही इथरनेटची नवी जोडणी प्रमाणित झाली, प्रत्येक मशीनची तार वेगळी हब नावाच्या मधल्या जोडपेटीकडे जाऊ लागली आणि ही कटकट मिटली. डेटाबेसच्या नावाने फोडलेली कितीतरी खापरं खरी त्या टोपणाएवढ्या तुकड्याची होती.

मोठ्या यंत्रांवरची शिस्त पीसीच्या जगात क्लायंट-सर्व्हर या नावाने आली. मायक्रोसॉफ्ट, सायबेस आणि ॲश्टन-टेट यांनी १९८९ मध्ये ओएस/२ साठी एसक्यूएल सर्व्हर आणला. यातली ॲश्टन-टेट म्हणजे डीबेस विकणारीच कंपनी. आता तारेवरून प्रश्न जाई आणि फक्त उत्तर परत येई. शोधणं, एकाच नोंदीवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून तिला कुलूप लावणं, व्यवहाराची नोंद आधी लॉग नावाच्या वहीत करणं, हे सगळं सर्व्हरकडे. टेबलावरचं मशीन मध्येच बंद पडलं तरी अर्धवट व्यवहार सर्व्हर मागे घेई. मला विचाराल तर वेगापेक्षा मोठी कमाई हीच.

मग तार लांबली. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली, २००९ मध्ये भाड्याचा डेटाबेसही आला. इथे अडचण तारेच्या रुंदीची, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात याची नाही, अंतराची आहे. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून ते ४० झाले म्हणू. ऑफिसातल्या नेटवर्कसाठी लिहिलेली बिलाची स्क्रीन उघडताना ३०० छोटे प्रश्न विचारत असेल, तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या तारेवर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तेच सर्व्हर दूर नेला की ३०० हेलपाट्यांचे १२ सेकंद होतात. कनेक्शन दहापट वेगवान घेतलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

यावर तोड म्हणजे प्रोग्राम डेटाबेसच्या शेजारी बसवायचा आणि टेबलावर फक्त पडदा ठेवायचा. एसएपी कंपनीच्या आर/३ या धंद्याच्या सॉफ्टवेअरने १९९२ मध्ये हाच तीन थरांचा मार्ग धरला होता, ब्राउझरवर चालणारी सॉफ्टवेअर आज तेच करतात. दूरचं मशीन आपल्या पडद्यावर दाखवणारा रिमोट डेस्कटॉप तर उघडउघड मेनफ्रेमचं टर्मिनलच आहे, फक्त रंगीत.

फाइल सर्व्हरची पद्धत मात्र संपलेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकून चालणारी ऑफिसं आजही आहेत. आता ती फाइल वायफायवरून उघडली जाते, घरून व्हीपीएनवरूनही, आणि लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं की तीच जुनी दुरुस्ती करत बसावं लागतं. एसक्यूलाइट या एकाच फाइलीत राहणाऱ्या डेटाबेसचे कर्ते स्वतःच सांगतात की बऱ्याच मशीनना नेटवर्कवरून एकच डेटाबेस वापरायचा असेल तर क्लायंट-सर्व्हर घ्या. एका मशीनवर मात्र त्याच फाइलसारखं सोपं दुसरं काही नाही.