चढाच्या अरुंदमापी लोहमार्गांवरील वाफेची इंजिने

रुळांमधील अंतर एक मीटरपेक्षा कमी असलेल्या आणि तीव्र चढ व आखूड त्रिज्येची वळणे असलेल्या लोहमार्गांसाठी मुद्दाम बांधलेल्या वाफेच्या इंजिनांचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात अशा मार्गांची ६१० मिमी. आणि ७६२ मिमी. ही दोन मापे रूढ झाली. दार्जिलिंग आणि नेरळ–माथेरान हे पहिल्या मापाचे, तर काल्का–सिमला आणि नागपूर परिसरातील सातपुड्याचे मार्ग दुसऱ्या मापाचे. निलगिरी मार्ग मीटरमापी असून तेथे दातेरी पट्टीच्या आधाराने चढ चढला जातो, त्यामुळे तो येथे वगळला आहे.

चढावर इंजिनाची खरी मर्यादा वाफेच्या दाबापेक्षा चाकाच्या रुळावरील पकडीने ठरते. १ : २० चढावर गुरुत्वामुळे गाडीच्या प्रत्येक टन वजनामागे सुमारे ५० किग्रॅ. इतका मागे खेचणारा जोर निर्माण होतो. १५ टनांच्या इंजिनाचा ७५० किग्रॅ. जोर स्वतःला वर नेण्यातच खर्ची पडतो. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या एक चतुर्थांश धरली, तर डब्यांसाठी तीन हजार किग्रॅ. उरतात, ओल्या रुळावर ती एक षष्ठांशावर आली, तर हा आकडा जेमतेम १,७५० होतो, आणि वळणांचे घर्षण त्यातूनच वजा करावे लागते. म्हणूनच अशा इंजिनांत नुसतेच वजन वाहणारी, इंजिनाच्या जोराने न फिरणारी चाके टाळून सर्व चाके दांड्यांनी जोडण्याची, पाण्याची टाकी इंजिनावरच बसवण्याची आणि पकड वाढवण्यासाठी रुळांवर टाकायच्या वाळूची सोय ठेवण्याची पद्धत पडली. टाकीतले पाणी संपत जाते तशी पकडही कमी होते, हा या रचनेचा अंगभूत दोष होय. बाष्पित्राच्या (बॉयलरच्या) बाबतीतही चढाचा विचार करावा लागतो. अडीच मीटर लांबीच्या बाष्पित्रात १ : २० चढावर दोन टोकांच्या पाणीपातळीत सुमारे साडेबारा सेंमी. फरक पडतो, आणि भट्टीचे छत उघडे पडू नये यासाठी पातळीची जपणूक सपाट मार्गापेक्षा काटेकोरपणे करावी लागते.

१८८१ मध्ये खुल्या झालेल्या दार्जिलिंग मार्गावरील ‘बी’ वर्ग हे या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. शार्प स्ट्युअर्ट कंपनीने १८८९ पासून बांधलेल्या या ०-४-० (पुढची वाहक, मधली चालक आणि मागची वाहक चाके यांची अनुक्रमे संख्या) इंजिनाची चाके अवघी ६६० मिमी. व्यासाची असून टाकी बाष्पित्रावर खोगिराप्रमाणे बसवलेली असते. पुढच्या बाजूला बसून रुळांवर हाताने वाळू टाकणारे कामगार हा तिथल्या चालनपद्धतीचाच भाग होता. या मार्गाच्या सर्वांत तीव्र चढाबाबत लेखनात एकवाक्यता नाही. कोठे १ : १८ तर कोठे १ : २० असे दिलेले आढळते. नियामक चढ (इंजिनाने ओढायचे वजन ज्यावरून ठरवतात तो चढ) आणि एखाद्या लहान टप्प्यावरचा कमाल चढ यांची गल्लत हे त्याचे कारण असावे, आणि इंजिनाच्या क्षमतेचा हिशेब करताना नियामक चढच ग्राह्य धरणे योग्य ठरते.

माथेरानच्या इंजिनांचे कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारलेला हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला आणि बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड काल्थ्रॉप यांचे मार्गदर्शन त्याला लाभले होते. त्यामुळे ही ०-६-० इंजिने ‘काल्थ्रॉप यांची’ असे सरसकट म्हटले जाते. परंतु ती बांधली जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कोपेल कंपनीने, आणि त्यांचे वैशिष्ट्य ठरलेला क्लीन–लिंडनर आस हा सॅक्सनीच्या रेल्वेतील अभियंत्यांचा शोध होता. गरजांची आखणी काल्थ्रॉप यांची आणि यांत्रिक उत्तर जर्मन, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या रचनेत चाके एका पोकळ आसावर बसवतात. त्याच्या पोटातून दुसरा भरीव आस जातो, जो चौकटीतील धारव्यांवर (बेअरिंगवर) फिरतो आणि बाहेरच्या जोडदांड्यांशी जोडलेला असतो. दोन्ही आस मध्यभागी गोलाकार फुगवटा आणि खिळीने एकमेकांत अडकवल्यामुळे फिरण्याची गती पोहोचते, पण पोकळ आस वळणानुसार थोडा तिरपा होऊ शकतो व बाजूलाही सरकू शकतो. अशी सोय पहिल्या व शेवटच्या आसांवर केली की लांब चौकटीचे इंजिनही घोड्याच्या नालासारख्या वळणातून जाते आणि सर्व चाके चालकच राहतात. खिळ व फुगवटा लवकर झिजणे आणि त्यांना वंगण पोहोचवणे कठीण असणे, ही तिची किंमत होय. पहिल्या महायुद्धातील जर्मन ६०० मिमी. लष्करी इंजिनांतही हीच पद्धत वापरली गेली. हाच प्रश्न जोडचौकटीच्या, म्हणजे बाष्पित्राची चौकट दोन स्वतंत्र वळणाऱ्या चाकगाड्यांवर टेकवलेल्या, गॅरेट इंजिनाने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १९०९ मध्ये बायर पीकॉक कंपनीने टास्मानियाच्या ६१० मिमी. मार्गासाठी पहिली गॅरेट इंजिने बांधली.

बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुडा मार्गांवरील इंजिनांनाही अनेकदा ‘घाटाची इंजिने’ म्हटले जाते. ते पूर्णपणे स्वीकारता येत नाही. नागपूर सुमारे ३१० मी. तर छिंदवाडा सुमारे ६७५ मी. उंचीवर असून भंडारकुंड–भिमालगोंदी दरम्यान खरोखरच घाट आहे. मात्र अंतरे लांब आणि मालवाहतूक महत्त्वाची असल्यामुळे तेथे नॉर्थ ब्रिटिश कंपनीच्या ‘सीसी’ वर्गासारखी ४-६-२ रचनेची, कोळसा-पाण्यासाठी स्वतंत्र टेंडर ओढणारी इंजिने वापरली गेली. टेंडरचे वजन पकडीला उपयोगी पडत नाही आणि तेही चढावर ओढावेच लागते. माथेरानच्या कसोटीवर ही रचना टिकली नसती.

माथेरानला १९५० च्या दशकात युंग कंपनीची डिझेल इंजिने आली आणि वाफेचा वापर १९८० च्या दशकाच्या आरंभी थांबला. छिंदवाडा मार्ग २०१५ मध्ये आणि नागपूर–नागभीड मार्ग २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. नागपुरातील मोतीबाग येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात या जाळ्याची सामग्री जतन केली आहे. दार्जिलिंगला मात्र ‘बी’ वर्गाची काही इंजिने पर्यटक गाड्यांसाठी अजून चालवली जातात.